फाईल एक, सूची अनेक



एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करावी. जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे तेथील संगणकात साठविण्याचे काम चालू आहे. एक कर्मचारी कित्येक आठवडे हे काम करतो आणि रजेवर जातो. त्याच्या जागी आलेला दुसरा कर्मचारी तोच संगणक सुरू करतो, आज्ञा टंकित करावयाची काळी खिडकी उघडतो आणि फायलींची सूची मागतो. पडद्यावर काहीच उमटत नाही. तो दुसऱ्या प्रकारची खिडकी उघडतो. तेथे काही नावे दिसतात, पण ती अपेक्षेपेक्षा थोडी असतात. तिसऱ्या खिडकीत नावे पुष्कळ असतात, परंतु देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा लागलेल्या असतात.

अशा वेळी मनात सहज तीन तर्क येतात. पहिला, संगणकाची तबकडी बिघडली असावी. दुसरा, आधीच्या माणसाने काम केलेच नसावे. तिसरा, आहे ते पुसून टाकून नव्याने आरंभ करावा हे बरे. हे तिन्ही तर्क बहुधा चुकीचे असतात. पहिल्याने विनाकारण खर्च होतो, दुसऱ्याने एका निरपराध माणसाच्या नावाला बट्टा लागतो आणि तिसऱ्याने आठवड्यांचे काम खरोखरीच नष्ट होते. फायली जागच्या जागीच असतात. सूची मात्र प्रत्येक खिडकीत वेगळी निघते. असे का व्हावे, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फाईल ही एक वस्तू आणि फाईलचे नाव ही दुसरी वस्तू. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक मिळतो. वाचक मात्र दाखल अंकाने पुस्तक मागत नाही. तो सूचिपत्रांच्या खणात लेखकाचे किंवा ग्रंथनामाचे पत्र शोधतो. एकाच पुस्तकाची दोन-तीन पत्रे असू शकतात, आणि पत्र हरवले म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसे होत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जिचा पाया घातला त्या युनिक्स कार्यप्रणालीची रचना नेमकी अशीच आहे. तेथे प्रत्येक फाईलला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली तिचा आकार, मालक, परवानग्या आणि तबकडीवरील ठिकाण यांची नोंद असते. नाव या नोंदीत नसतेच. निर्देशिका, म्हणजे ज्याला आज सर्रास फोल्डर म्हणतात, ती नावे आणि क्रमांक यांच्या जोड्यांची केवळ एक यादी होय.

आता ही यादी वाचून दाखविणारा कोण? तबकडी स्वतः बोलत नाही. आज्ञा टंकित करणारा मनुष्य आणि तबकडी यांच्या मध्ये निदान तीन मध्यस्थ उभे असतात. तबकडीवरील नोंदी लावणारी फाईलव्यवस्था हा पहिला. त्या नोंदी कोणास किती दाखवावयाच्या हे ठरविणारी कार्यप्रणाली हा दुसरा. मनुष्याची आज्ञा घेऊन तिचे उत्तर पडद्यावर मांडणारी आज्ञावली हा तिसरा. या तिसऱ्या मध्यस्थाला शेल, म्हणजे कवच, असे सार्थ नाव आहे. ग्रंथालयातील देवघेव-खिडकीशी त्याची तुलना करता येईल. कपाटे तीच असली तरी खिडकीवरील लेखनिक बदलला की उत्तर बदलू शकते. कारण प्रत्येक लेखनिकाचे संकेत निराळे असतात.

पहिला संकेत स्थानाचा. युनिक्समध्ये आणि तिच्या परंपरेतील लिनक्समध्ये सर्व निर्देशिकांचा एकच वृक्ष असतो व त्याचे मूळ एका तिरक्या रेघेने दर्शविले जाते. नवी तबकडी जोडली की ती या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसविली जाते. याउलट १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस प्रणालीत प्रत्येक तबकडीला ए, बी, सी असे अक्षर मिळाले. निर्देशिकांची उतरंड तिच्यात १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तोपर्यंत तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय दर्शविण्यासाठी वापरात आली होती, म्हणून मार्ग लिहिण्यासाठी उलटी तिरकी रेघ घ्यावी लागली. विंडोजने हा वारसा पुढे चालविला. आज एकाच विंडोज संगणकावर या दोन्ही परंपरांच्या खिडक्या शेजारी शेजारी उघडता येतात आणि घोटाळ्याचा आरंभ तेथेच होतो. कमांड प्रॉम्प्ट या खिडकीत जी निर्देशिका ‘सी:\यूजर्स’ म्हणून ओळखली जाते, तीच गिट बॅश या खिडकीत ‘/सी/यूजर्स’ होते, सिगविन या संचात ‘/सिगड्राइव्ह/सी/यूजर्स’ होते आणि विंडोजच्या अंतर्गत चालणाऱ्या लिनक्समध्ये ‘/एमएनटी/सी/यूजर्स’ होते. घर एकच, पण पत्ते चार. एका खिडकीतला पत्ता दुसरीत जसाच्या तसा लिहिला तर ‘अशी फाईल नाही’ हेच उत्तर मिळणार. ते उत्तर खोटे नसते. त्या पत्त्यावर खरोखरच काही नसते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘घर’ या शब्दाचा अर्थ. प्रत्येक खिडकी उघडताच एका ठरीव निर्देशिकेत उभी राहते. विंडोजच्या खिडकीचे घर वेगळे आणि अंतर्गत लिनक्सचे घर वेगळे. पहिल्या कर्मचाऱ्याने लिनक्सच्या घरात छायाचित्रे साठविली आणि दुसऱ्याने विंडोजच्या घरात शोधली, तर त्याला रिकामी निर्देशिका दिसणे हेच स्वाभाविक होय.

ही छायाचित्रे तबकडीवर असतात तरी कोठे? विंडोजमध्ये लिनक्स चालविण्याची ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणली. तिच्या पहिल्या पद्धतीत लिनक्सच्या फायली विंडोजच्याच एका आडबाजूच्या निर्देशिकेत ठेवल्या जात, आणि मालक व परवानग्या यांची लिनक्सला लागणारी माहिती प्रत्येक फाईलला जोडलेल्या गुप्त नोंदीत राही. विंडोजच्या एखाद्या संपादकाने तेथे नवी फाईल निर्माण केली की ती नोंद तिला मिळत नसे. मग फाईल विंडोजला दिसे, पण लिनक्सला दिसत नसे किंवा ती बिघडलेली वाटे. म्हणून या फायलींना विंडोजच्या साधनांनी हात लावू नये, असा इशारा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दिला होता. २०१९ मध्ये या फायली विंडोजमधून पाहण्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध झाला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या दुसऱ्या पद्धतीत लिनक्सचा सारा संसार एका मोठ्या फाईलमध्ये बंदिस्त असतो. विंडोजच्या दृष्टीने ती एक अवजड फाईल असते, लिनक्सच्या दृष्टीने ती संपूर्ण तबकडी असते. आता एखाद्याने जागा मोकळी करण्याच्या हेतूने ही अनोळखी अवजड फाईल पुसली, किंवा लिनक्सची स्थापना रद्द करणारी आज्ञा दिली, तर तिच्या पोटातील प्रत्येक छायाचित्र तिच्याबरोबर जाईल. एका सूचीत दिसत नाही म्हणून निरुपयोगी, या तर्काची किंमत अशी मोजावी लागते.

दुसरा संकेत लपविण्याचा. युनिक्सच्या परंपरेत ज्या नावाच्या आरंभी टिंब असते ते नाव सूचीत दाखविले जात नाही. रॉब पाइक या संगणकशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये या प्रथेचा उगम सांगितला. प्रत्येक निर्देशिकेत ‘ही निर्देशिका’ दर्शविणारे एक टिंब आणि ‘हिची वरची निर्देशिका’ दर्शविणारी दोन टिंबे अशा दोन नोंदी असतात. त्या सूचीत येऊ नयेत म्हणून ‘एलएस’ या आज्ञावलीत एक सोपी तपासणी घातली गेली : पहिले अक्षर टिंब असल्यास नाव गाळावे. ही सोय दोन नोंदींसाठी होती, परंतु टिंबाने आरंभ होणारे प्रत्येक नाव तिच्या तावडीत सापडले आणि पुढे लोक मुद्दाम तशी नावे ठेवू लागले. अनवधानाने पडलेली वाट पुढे राजमार्ग झाली.

विंडोजची रीत वेगळी आहे. तेथे लपविणे नावावर अवलंबून नसून फाईलला जोडलेल्या एका खुणेवर अवलंबून असते. परिणाम असा की टिंबाने आरंभ होणारी फाईल लिनक्सच्या साध्या सूचीत दिसत नाही, पण कमांड प्रॉम्प्टच्या ‘डिर’ या आज्ञेला ती उघड दिसते. उलट, विंडोजने लपविलेल्या आपल्या कामकाजाच्या फायली ‘डिर’ गाळते, पण तीच निर्देशिका अंतर्गत लिनक्समधून पाहिल्यास त्या ओळीने उभ्या असतात. दोन्ही लेखनिक आपापला नियम प्रामाणिकपणे पाळतात, पण एकाचा नियम दुसऱ्यास ठाऊक नाही. येथे आणखी एक बारकावा आहे. २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेल या खिडकीत विंडोजवर ‘डिर’ आणि ‘एलएस’ हे दोन्ही शब्द चालतात, परंतु ते एका तिसऱ्याच आज्ञेची टोपणनावे आहेत. शब्द ओळखीचा असला तरी उत्तर देणारा ओळखीचा असतोच असे नाही.

तिसरा संकेत अक्षरांचा. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. लिनक्सच्या दृष्टीने मोठ्या अक्षरातील ‘रीडमी’ आणि लहान अक्षरातील ‘रीडमी’ ही दोन भिन्न नावे होत. विंडोज नाव जसे दिले तसे जपून ठेवते, पण शोधताना दोन्ही सामान्यतः एकच मानते. लिनक्सने अशा दोन फायली एका निर्देशिकेत निर्माण केल्या तर विंडोजचे अनेक कार्यक्रम गोंधळतात व एकीच्या नावाने दुसरीच उघडण्याचा संभव असतो. ही अडचण ओळखून २०१८ मध्ये विंडोजमध्ये एकेका निर्देशिकेपुरता लिनक्सचा नियम लागू करण्याची सोय करण्यात आली.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही, म्हणून आपली लिपी या संकटातून मुक्त आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जगातील लिप्यांना समान क्रमांकव्यवस्था देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. हे क्रमांक साठविण्याची युटीएफ-८ ही पद्धत टॉम्प्सन आणि पाइक यांनी १९९२ मध्ये रचली. तिच्यात रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. लिनक्सच्या प्रचलित फाईलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. विंडोजची एनटीएफएस ही व्यवस्था बाइट न मोजता सोळा बिटांची एकके मोजते, त्यामुळे तेथे २५५ चिन्हांपर्यंत जाता येते. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात हे लक्षात घेतले म्हणजे हस्तलिखिताचे लांबलचक शीर्षक एका व्यवस्थेत मावून दुसरीत का अडते ते कळून येईल.

मराठीतील एक अक्षर या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. ‘कऱ्हाड’ या गावाच्या नावात अर्ध्या ‘र’चे जे पापणीसारखे रूप येते, ते संगणकात तीन प्रकारांनी लिहिता येते. एका प्रकारात ‘ऱ’ या अक्षराचा स्वतंत्र क्रमांक ०९३१ वापरून त्यास हलन्त जोडला जातो. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त अशी फोड असते. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह येते. पहिल्या प्रकाराने ‘कऱ्हाड’ हे नाव सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटांचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराने ते सात चिन्हांचे, म्हणजे २१ बाइटांचे होते. वाचकाच्या डोळ्यांना मात्र तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्स डोळ्यांनी वाचत नाही, ते बाइट जुळवून पाहते. म्हणून तेथे एकाच निर्देशिकेत ‘कऱ्हाड’ नावाच्या तीन वेगवेगळ्या फायली सुखाने नांदू शकतात. मॅकिंटॉश संगणकांवर १९९८ मध्ये आलेली फाईलव्यवस्था अशी नावे नियमाने फोड करून साठवीत असे. तिच्यावरून आणलेल्या फाईलचे नाव दुसरीकडे कळफलकावर टंकित करून शोधले की ‘अशी फाईल नाही’ असे उत्तर येई, आणि शोधणारा पडद्यावर तेच नाव पाहत असे! पहिल्या दोन प्रकारांना समान मानण्याचा नियम युनिकोडने घालून दिला आहे, परंतु तिसरा प्रकार त्या नियमाच्याही बाहेर राहतो.

प्रश्नचिन्हांच्या रांगांचे कारणही आता सांगता येईल. जुन्या पद्धतीच्या खिडक्या एका वेळी एकाच छोट्या अक्षरसंचात विचार करतात. त्या संचात देवनागरी नसेल तर उत्तर मांडणारी आज्ञावली अनोळखी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. नाव तबकडीवर शाबूत असते, केवळ वाचणाऱ्यास लिपी येत नसते. अशा वेळी प्रश्नचिन्हे पाहून ‘नावे बिघडली’ असे ठरविणे आणि ती नव्याने देत बसणे म्हणजे चष्मा विसरलेल्या माणसाने पोथी दुरुस्त करावयास घेण्यासारखे आहे.

चौथा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. येथे मधला मध्यस्थ, म्हणजे कार्यप्रणाली, विचारणारा कोण हे पाहून जाणूनबुजून निराळे उत्तर देतो. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ नावाची निर्देशिका असते. बत्तीस बिटांची एखादी आज्ञावली तिच्यात डोकावते तेव्हा विंडोज तिला न सांगता ‘सिसवॉव६४’ या दुसऱ्या निर्देशिकेकडे वळविते. गंमत अशी की ‘३२’ नावाच्या निर्देशिकेत चौसष्ट बिटांच्या फायली असतात आणि ‘६४’ नावाच्या निर्देशिकेत बत्तीस बिटांच्या. जुन्या आज्ञावल्यांत ‘सिस्टिम३२’ हे नाव कायमचे लिहिले गेलेले असल्यामुळे ते बदलता आले नाही, आणि जुन्या-नव्या दोहोंचे समाधान करण्यासाठी ही युक्ती योजावी लागली. एकच मार्ग, एकच क्षण, पण दोन खिडक्यांत दोन भिन्न सूची.

विंडोज व्हिस्टा ही आवृत्ती २००७ मध्ये सर्वसामान्यांस उपलब्ध झाली तेव्हापासून आणखी एक भेद आला. व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या मनुष्यासही सामान्य आणि उच्च असे दोन वेगळे प्रवेश मिळतात. दूरच्या संगणकावरील तबकडीला सामान्य प्रवेशात ‘झेड’ हे अक्षर दिलेले असले तरी उच्च अधिकाराने उघडलेल्या खिडकीत ते अक्षर बहुधा अस्तित्वातच नसते. अधिक अधिकार असलेल्यास अधिक दिसावे ही सामान्य समजूत येथे उलटी ठरते. लिनक्समध्येही असेच एक दृश्य आढळते. एखाद्या निर्देशिकेत फायली असताना तिच्यावर नवी तबकडी बसविली तर आतील फायली झाकल्या जातात. तबकडी उतरविली की त्या पुन्हा दिसू लागतात.

फाईलच्या अंतरंगाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दूरमुद्रकाच्या काळी ओळ संपली की मुद्रणमाथा मागे नेणे आणि कागद वर सरकविणे या दोन कृती कराव्या लागत. विंडोजच्या परंपरेने ओळीच्या शेवटी या दोहोंची चिन्हे ठेवली, युनिक्सने एकच ठेवले. म्हणून हजार ओळींचा मजकूर एका पद्धतीत दुसरीपेक्षा हजार बाइटांनी मोठा भरतो. विंडोजच्या नोटपॅडला २०१८ पर्यंत युनिक्सचे ओळचिन्ह समजत नव्हते व सारा मजकूर एकाच ओळीत सलग दिसे. आकार जुळत नाही म्हणून प्रत खोटी, असा निष्कर्ष काढण्याची घाई यासाठीच करू नये.

मग व्यवहारात करावे काय? उत्तम ग्रंथपाल वाचकास ‘पुस्तक नाही’ असे सांगण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासतो. तोच क्रम येथेही उपयोगी पडतो. प्रथम आपण कोठे उभे आहोत ते पाहावे. लिनक्सच्या खिडकीत ‘पीडब्ल्यूडी’ आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसती ‘सीडी’ ही आज्ञा ते सांगते. नंतर आपण कोणाच्या नावाने व अधिकाराने विचारीत आहोत ते पाहावे. ‘हू ॲम आय’ हे शब्द सलग लिहून दिलेली आज्ञा या तिन्ही प्रकारच्या खिडक्यांत नावापुरते उत्तर देते. तिसरे, लपविलेल्यासह सर्व सूची मागावी. त्यासाठी ‘एलएस’ला ‘ए’ हा पर्याय, ‘डिर’ला ‘/ए’ हा पर्याय आणि पॉवरशेलच्या आज्ञेला ‘फोर्स’ हा पर्याय जोडावा लागतो. चौथे, नाव टंकित करून शोधण्याऐवजी सूचीतून उचलावे, म्हणजे अक्षरांच्या अदृश्य भेदांचा त्रास होत नाही. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन फायली एकच आहेत की नाहीत हे नाव, तारीख किंवा आकार यांवरून न ठरविता त्यांच्या संपूर्ण मजकुरावरून काढलेल्या गणिती ठशावरून ठरवावे. एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा काढण्याची सोय विंडोज आणि लिनक्स या दोहोंत आहे. मजकुरात एका बाइटाचा फरक असला तरी ठसा पालटतो, आणि ठसे जुळले की मजकूर एकच असे व्यवहारात निःशंकपणे मानता येते.

हे पाचही टप्पे पार पडल्यावाचून पुसण्याची आज्ञा देऊ नये. आज्ञांच्या खिडकीत पुसलेली फाईल सामान्यतः कचरापेटीतही जात नाही.

आरंभीच्या ग्रंथालयाकडे पुन्हा वळू. दुसऱ्या कर्मचाऱ्याने हा क्रम पाळला असता तर त्याला काय आढळले असते? पहिल्या खिडकीत तो दुसऱ्याच घरात उभा होता. दुसऱ्या खिडकीत काही नावे संकेतानुसार झाकलेली होती. तिसऱ्या खिडकीला देवनागरी वाचता येत नव्हती. छायाचित्रे जेथे ठेवली होती तेथेच होती, आणि रजेवर गेलेल्या माणसाचे कामही पुरे झालेले होते. रिकामी सूची पाहून तबकडीवर वा माणसावर दोष ठेवण्यापूर्वी सूची कोणी केली आणि कोणत्या नियमाने केली, हे विचारण्याची सवय ग्रंथालयात पूर्वीपासून आहे. संगणकासमोर बसतानाही ती सोडण्याचे कारण नाही.